झुरळाच्या लाळग्रंथी

गणित सोडून ‘बी ग्रुप’ घेतलेल्या पोरांना बारावीच्या वर्षी एक कसरत करावी लागायची. क्लोरोफॉर्मने मेलेलं झुरळ मेणाच्या ट्रेमध्ये उपडं ठेवायचं, पंख कापायचे, दोन्ही कडांनी टाचण्या लावायच्या. मग बारीक कात्रीने पाठीवरच्या कवचाच्या पट्ट्या बाजूने कापत वर यायचं आणि त्या एकेक करून उचलायच्या. ट्रेमध्ये पाणी ओतलं की आतली पांढरी चरबी कापसासारखी तरंगू लागे. ती चिमट्याने निवडून काढली की क्रॉप दिसायचं, आणि त्याला बिलगलेले दोन पांढरट घोस. त्याच लाळग्रंथी. सोबत लाळ साठवायच्या दोन पारदर्शक पिशव्या. सगळं न फाटता निघालं तर काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात पसरायचं, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि एक्स्टर्नलची वाट बघत उभं राहायचं.

एक्स्टर्नल यायचे, वाकून बघायचे, भागांची नावं विचारायचे, जर्नलवर सही करून पुढच्या टेबलाकडे जायचे. झुरळाच्या लाळग्रंथी आम्ही का काढल्या, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. माझी डावी पिशवी फुटली होती, त्याची हळहळ मात्र बरेच दिवस पुरली.

त्या ‘का’चं उत्तर आमच्याच पुस्तकात होतं, फक्त वेगळ्या प्रकरणात. ‘मानवी आरोग्य आणि रोग’ या धड्यात मलेरियाचं जीवनचक्र होतं, बाणांनी जोडलेलं गोल गोल. त्यात एका बाणावर लिहिलेलं असायचं, ‘डासाच्या लाळग्रंथी’. प्रॅक्टिकलच्या टेबलावरची लाळग्रंथी आणि थिअरीच्या वहीतली लाळग्रंथी यांची गाठ घालून देणारं कोणी भेटलं नाही. ती गाठ कशी बसते हे बघायचं तर सव्वाशे वर्षं मागे, सिकंदराबादला जावं लागतं.

रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर १८९५ साली इंग्लंडहून भारतात परतला तो डोक्यात एकच वेड घेऊन. लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी त्याला रुग्णाच्या रक्तातले मलेरियाचे जंतू दाखवले होते आणि हे जंतू डासातून जात असावेत असा अंदाज सांगितला होता. अंदाजाचा उत्तरार्ध चुकीचा होता. डास पाण्यात मरतो, जंतू पाण्यात उतरतात आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला ताप येतो, असं मॅन्सनना वाटत होतं. पण डासात शोधायला हवं हा धागा खरा होता.

मग रॉसने डास फाडायला सुरुवात केली. मलेरियाच्या रुग्णाला डास चाववायचे, ते बाटलीत जपायचे आणि काही दिवसांनी सुईच्या टोकाने उघडून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटाची एकेक पेशी तपासायची. झुरळ दीड इंचाचं असतं, तरी आमचे हात थरथरायचे. डासाचं पोट म्हणजे तर मोहरीच्या दाण्याहूनही किरकोळ ऐवज. आणि हे सगळं ऑगस्टच्या उकाड्यात, पंखा बंद ठेवून, कारण पंख्याच्या वाऱ्याने डास उडून जायचे. घामाने त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, भिंगालाही चीर गेली होती. दोन वर्षं हाती काही लागलं नाही. नंतर कळलं, तो ज्या जातींचे डास उघडत होता त्यांचा माणसाच्या मलेरियाशी संबंधच नव्हता.

१६ ऑगस्ट १८९७ रोजी त्याने अळीपासून वाढवलेले, ठिपकेदार पंखांचे वेगळेच डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चाववले. दर चाव्याला एक आणा या हिशेबाने, दहा डासांचे दहा आणे. वैद्यकाच्या इतिहासात हुसेन खान एवढ्यापुरताच उरला आहे, आणि मला तो मजकूर कधी नीट गिळता आलेला नाही. २० ऑगस्टला, डास संपत आलेले असताना, रॉसला एका डासाच्या पोटाच्या भिंतीत काळसर कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. डासाच्या कुठल्याही अवयवाच्या त्या नव्हत्या. रंगीत कण मात्र अगदी तसेच, जसे मलेरियाच्या जंतूंत माणसाच्या रक्तात दिसतात. दुसऱ्या दिवशी उघडलेल्या डासात त्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे त्या वाढत होत्या.

पोट सापडलं, पण वाट अर्धीच झाली होती. पोटातून जंतू माणसात जातो कसा? त्यासाठी रॉसला कलकत्त्याला जावं लागलं आणि माणसाऐवजी पक्ष्यांचा मलेरिया हाती घ्यावा लागला. जुलै १८९८ मध्ये तो डासाच्या शरीरात सुटलेल्या सुईसारख्या बारीक जंतूंचा माग काढत पुढे पुढे सरकत गेला आणि शेवटी डोक्याशी, मानेजवळ, एका गुच्छापाशी पोचला. जंतू तिथे खच्चून भरले होते. गुच्छाची नळी डासाच्या सोंडेत उघडत होती. ती डासाची लाळग्रंथी. डास चावताना आधी लाळ सोडतो, रक्त गोठू नये म्हणून, आणि त्या लाळेबरोबर मलेरिया आत जातो. पाणी पिण्याचा काही संबंध नाही. माणसाच्या मलेरियाचं तेच चक्र इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस दाखवलं, आणि श्रेयावरून दोघांत जे भांडण जुंपलं ते मरेपर्यंत चाललं. १९०२ चं नोबेल रॉसला मिळालं.

आता आमचं झुरळ परत बघा. कीटकाच्या लाळग्रंथी कुठे असतात, कशा दिसतात, न फाडता कशा काढायच्या, हे कसब मलेरियाच्या संशोधनातलं अगदी मूळ कसब आहे. आजही मलेरियावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत माणसं डासाचं डोकं सुईने हळूच ओढून लाळग्रंथी बाहेर काढतात. झुरळ हा त्या विद्येचा धूळपाटी-गिरवणीचा धडा होता. आम्ही गिरवलं भरपूर, फक्त अक्षर कशासाठी शिकतोय हे कुणी सांगितलं नाही.

झुरळाचं आणखी एक. क्रॉपच्या खाली त्याला गिझार्ड असतं, मराठी पुस्तकात पेषणी. आत सहा दात असलेलं हे जातं अन्न दळतं. एक्स्टर्नलचा हा दुसरा आवडता प्रश्न. अशीच छोटी झडप पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी असते. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला, पुढच्या वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता त्यातच गेल्या, आणि तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की हा आजार चालतो कसा. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवेवर बोट ठेवलं. पण पिसू नेमकं करते काय, हे १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी पिसवा उघडून दाखवलं. प्लेगचे जंतू त्या झडपेच्या दातांमध्ये वाढून तिचं भोकच बुजवून टाकतात. रक्त पोटात उतरत नाही. उपाशी पिसू वेड्यासारखी चावत सुटते, ओढलेलं रक्त जंतूंसकट परत जखमेत ओकते. लाखो माणसांचे जीव घेणारी साथ, आणि तिच्या मुळाशी कीटकाच्या घशातला एक बोळा. झुरळाच्या पेषणीचं चित्र आम्ही इंचाइंचाने काढलं होतं. पिसवेची ही गोष्ट तेव्हा कानावर आली असती तर ते चित्र मी नुसतं पाठ केलं नसतं.

आपल्याकडे विच्छेदनावर जो वाद होतो तो प्रामुख्याने दयेचा असतो, आणि तो खोटा नाही. झुरळासाठी कुणी अश्रू ढाळत नाही, पण बेडूक निराळा. पाठीवर झोपवलेला, हातपाय पसरून टाचलेला बेडूक माणसासारखा दिसतो, आणि पोट उघडल्यावर त्याचं हृदय बराच वेळ धडधडत राहतं. माझ्या बॅचमधली एक मुलगी त्या दिवशी वर्गाबाहेर जाऊन बसली ती तास संपेपर्यंत आलीच नाही. तिला शून्य मिळालं. ती पुढे डॉक्टर झाली.

कॅलिफोर्नियातल्या जेनिफर ग्रॅहमचं प्रकरण १९८७ चं. पंधरा वर्षांच्या या मुलीने बेडूक फाडायला नकार दिला, शाळेने गुण कापायची भाषा केली, प्रकरण कोर्टात गेलं. नैसर्गिकरीत्या मेलेला बेडूक तिला द्यावा, असा काहीसा मजेदार तोडगा न्यायाधीशांनी सुचवला. १९८८ मध्ये त्या राज्याने विद्यार्थ्यांना नकाराचा हक्क देणारा कायदाच केला. आपल्याकडचा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा, म्हणजे त्याहून कितीतरी जुना. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तर शिकवण्यासाठी प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, असं त्यात तेव्हापासून लिहिलेलं आहे. कायदा पुस्तकात राहिला आणि बेडूक ट्रेमध्ये येत राहिले.

ते येत होते कुठून? पाळलेले नव्हते. पहिल्या पावसानंतर शेतात, डबक्यांत रात्री डरावणारे मोठे बेडूक, नर पिवळेधम्मक झालेले, गळ्यापाशी निळे फुगे. जुन्या पुस्तकांतला ‘राना टायग्रिना’, आता ‘होप्लोबॅट्राकस टायगेरिनस’. बॅटरीच्या उजेडात पकडून पोत्यात भरायचे. प्रयोगशाळांना लागणारे बेडूक हा त्यातला लहान वाटा. मोठा वाटा परदेशातल्या जेवणाच्या टेबलांवर जायचा. १९८१ साली भारतातून चार हजार टनांहून जास्त बेडकांचे पाय निर्यात झाले. शेतात किडे वाढल्याची ओरड झाली आणि १९८७ मध्ये निर्यातीवर बंदी आली. गोव्यात पावसाळ्यात चोरून ‘जंपिंग चिकन’ खाणारे अजून आहेत, आणि वनखात्याची माणसं अजून त्यांच्या मागे रात्री शेतं तुडवतात. शाळांमधून विच्छेदन हळूहळू गेलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये कॉलेजांतली विच्छेदनं टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितली, आणि २०१४ मध्ये ती थांबवायलाच सांगितली.

बेडूक वाचले याचं मला दुःख नाही. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेलं चित्र बरोबर आहे ना हे तपासायला दरवर्षी लाखभर बेडूक लागावेत, हे काही विज्ञान नव्हे. मार्चेल्लो माल्पीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या तेव्हा त्यांना खरंच माहीत नव्हतं की रक्त धमनीतून शिरेत जातं कसं. विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरण सिद्ध केलं होतं, पण मधला दुवा त्यांना दिसला नव्हता, तो माल्पीगींच्या बेडकाने दाखवला. आमचा बेडूक काय दाखवत होता? ‘आर्टेरिअल सिस्टिम’ची ठरलेली आकृती. धमनी मध्ये तुटली तर मुलं पेन्सिलीने आकृतीत जोडून टाकायची.

आणि एक अवयव आम्ही धड बघितलाही नाही: कातडी. ती आधी कापायची, दोन्हीकडे ओढून टाचायची, म्हणजे ‘खरे’ अवयव दिसतील. बेडूक कातडीने पाणी पितो, कातडीने काही अंशी श्वास घेतो, एवढं वाक्य वहीत होतं. त्या वाक्याची किंमत जगाला कळली ती १९९० च्या दशकाच्या शेवटी. ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत जंगलातले बेडूक ढिगांनी मरत होते. मेलेल्या बेडकांची आतडी, यकृत, फुप्फुसं तपासून काही सापडत नव्हतं. मारेकरी कातडीत होता: कायट्रिड गटातली एक बुरशी. १९९८ मध्ये ती ओळखली गेली, पुढच्या वर्षी तिचं बारसं झालं. ही बुरशी कातडीतून क्षारांची ये-जा बिघडवते. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम उतरत जातं आणि शेवटी हृदय थांबतं. म्हणजे आजार कातडीचा, मरण हृदयाचं. २०१९ च्या एका जागतिक आढाव्याने हिशेब मांडला: ५०१ उभयचर जाती या रोगाने घटल्या, त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. पश्चिम घाटातल्या बेडकांच्या अंगावरही ही बुरशी सापडली आहे.

तिचा प्रवास आणखी चटका लावणारा. १९३० च्या दशकापासून आफ्रिकेतला नखाळ बेडूक, झेनोपस, जगभरच्या दवाखान्यांत पाठवला जायचा. गरोदर बाईची लघवी मादीला टोचली की ती काही तासांत अंडी घालायची. त्या काळची ती गर्भधारणेची चाचणी. बुरशी या बेडकाबरोबर जगभर गेली असा बराच काळ संशय होता. २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने उगमाचं बोट पूर्व आशियाकडे वळवलं, पण पसरण्याचं कारण तेच राहिलं: माणसाने जिवंत बेडकांची केलेली ने-आण. प्रयोगशाळेच्या टाकीतला बेडूक हा नुसता नमुना नसतो, तो वाहकही असू शकतो.

तर एका बाजूला फाडायचं, दुसऱ्या बाजूला पाठ करायचं, अशी ही वाटणी. रोगांचा धडा म्हणजे चार रकान्यांचा तक्ता: रोग, कारक, प्रसार, लक्षणं. टायफॉइडसमोर सालमोनेला, हत्तीरोगासमोर वुचेरेरिया. तक्ता भरला की रोग संपला. आणि कोविडची साथ सगळ्या देशाने अंगावर घेतल्यानंतर, २०२२ च्या ‘भार कमी’ करण्याच्या फेरीत, एनसीईआरटीने नववीतलं ‘आपण आजारी का पडतो’ हे प्रकरणच गाळलं. यावर मी जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

तरी वर्गात संसर्ग दाखवता येतो, आणि तेही एका तासात. तीस मुलं, तीस पेले. एकोणतीस पेल्यांत साधं पाणी, एकात पातळ केलेला सोडियम हायड्रॉक्साइड. दिसायला सगळं सारखंच. चष्मे लावायचे, प्यायचं नाही हे तीनदा बजावायचं. मग प्रत्येकाने कुणाशी तरी पेल्यातलं अर्धं पाणी अदलाबदल करायचं आणि नाव वहीत लिहायचं. अशा तीन फेऱ्या. शेवटी शिक्षक प्रत्येक पेल्यात फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकत फिरतात. काही पेले बिनरंगीच राहतात, काही भडक गुलाबी होतात. जास्तीत जास्त आठ. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. कधी कधी आठाहून कमी येतात, कारण बाधित पेलेवाले पुढच्या फेऱ्यांत एकमेकांनाच भेटतात. साथ का मंदावते याचा तो धडा आपोआप होतो.

खरी गंमत पुढे. वह्या एकत्र करून पहिला पेला कोणाचा ते शोधा. मुलं तर्क करत मागे मागे जातात, आणि एका टप्प्यावर अडतात: पहिल्या फेरीत ज्या दोघांनी अदलाबदल केली त्यांच्यापैकी कोणाचा पेला आधीपासून बाधित होता, हे कितीही डोकं चालवलं तरी वह्यांवरून ठरत नाही. दोन संशयित उरतातच. वर्गात ओरडा होतो, ‘सर, हाच! हाच पसरवतोय!’ आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं तो हसता हसता गप्प होतो. गावाच्या वेशीवर आडवी बाभूळ टाकून मुंबईहून आलेल्यांना अडवलं होतं ते २०२० साल अनेकांना त्या क्षणी आठवतं.

आणि फाडायचंच असेल तर कोणालाही मारायची गरज नाही. कोकणात घरोघरी आई रोज बांगडा उघडते, कल्ले काढते, पोटातला फुगा फोडते. देशावर खाटकाच्या दुकानात बोकडाचं काळीज, फुप्फुस, हृदय मिळतं. बोलताना आपण काळीज म्हणजे हृदय म्हणतो, पण खाटकाला काळीज मागितलं तर तो यकृत देतो, आणि बरोबर देतो. गावाकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या ओळखीच्या बाई दरवर्षी हेच काळीज वर्गात आणतात. हातमोजे घालून मुलं ते कापतात. कधी कधी पित्तनलिकेत पानासारखा चपटा, करडा कृमी मिळतो. लिव्हर फ्लूक. तो इथे कसा पोचला, हा प्रश्न मुलंच विचारतात. उत्तर डबक्यातल्या गोगलगाईतून जातं, हे १८८० च्या दशकात जर्मनीत लॉयकार्ट आणि इंग्लंडमध्ये थॉमस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं. गोगलगाईतून बाहेर पडलेली शेपटीवाली पिल्लं गवताला चिकटतात आणि शेळी ते गवत खाते.

गेल्या वर्षी एका मुलीने, घरी शेळ्या असलेल्या, दुसऱ्या दिवशी डब्यातून गोगलगाई आणल्या. काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवून वर दिवा धरला, म्हणजे आत पिल्लं असली तर उजेडाने बाहेर येतील. तासभर सगळे भिंगातून बघत बसले. काही निघालं नाही. बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: गोगलगाई ७, पिल्लं ०. तो कोपरा पुसायचा नाही असं ठरलं. पावसाळा संपेपर्यंत आकडा चौऱ्याण्णववर गेला होता, आणि शून्य तसंच होतं.